अकराव्या टीमचा अर्ज

रोलंड थ्रिपनं साप्ताहिकाला ते पत्र लिहिलं, त्याला कारण एवढंच होतं की त्या रविवारी लिनेटनं त्याला मागच्या खोलीतले पडदे उतरवायला सांगितले होते. पत्र लिहीत बसलेल्या माणसाला कुणी पडदे उतरवायला लावत नाही. निदान आपल्या घरात तरी असा नियम असावा, असं त्याला लग्न झाल्यापासून वाटत आलं होतं.

पत्राचा विषय मात्र भारदस्त होता. फॉर्म्युला वनमध्ये त्या वेळी दहा टीम होत्या आणि अकरावीला आत घ्यावं की नाही, यावर रणकंदन चाललं होतं. नेदर विकिन गावात ही नुसती बातमी नव्हती. आजूबाजूच्या वीस-पंचवीस मैलांत त्यांतल्या कित्येक टीमचे कारखाने. गावातल्या दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी सकाळी उठून एखाद्या गाडीचा पुढचा पंख घासायला जायचं. शेजारी राहणारी माणसं वेगवेगळ्या टीमची, आणि कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही असं सगळ्यांनी लिहून दिलेलं. त्यामुळे बेकरीच्या रांगेत सगळे हवामानावर बोलत. एरवीही ते हवामानावरच बोलले असते, पण आता त्याला कायद्याचा आधार होता. अकरावीचा विषय निघाला की मात्र गावाचं एकमत व्हायचं. नको. नवे येणार, मागे रखडणार, वाटेत कडमडणार, आणि जो पैसा दहांत वाटायचा तो अकरांत वाटावा लागणार.

रोलंडचा मोटारींशी संबंध नव्हता. तो जिल्हा काउन्सिलच्या बांधकाम परवाना खात्यात होता. सव्वीस वर्षं तो लोकांना खिडकी कुठे काढता येईल आणि कुठे नाही हे कळवत होता, आणि बहुतेक वेळा त्यातलं दुसरंच कळवत होता. उदार व्हायची संधी त्याला ऑफिसात मिळत नसे. ती त्यानं पत्रात साधून घेतली. 'दहा जणांनी गोल करून बसायचं आणि अकराव्याला दारात उभं ठेवायचं, याला खेळ म्हणत नाहीत,' असं त्यानं लिहिलं. 'नवा माणूस आत येतो तेव्हाच जुन्याला कळतं की आपण खरंच चांगले आहोत की नुसतेच आत आहोत.' हे वाक्य त्यानं लिनेटला दोनदा वाचून दाखवलं. लिनेट खुर्चीवर चढून पडदे उतरवत होती. ती म्हणाली, "छान आहे. ती आकडी दे इकडे."

गुरुवारी पत्र छापून आलं. संपादकानं फक्त एक 'अत्यंत' उडवला होता. शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली, आणि दारात ते कात्रण हातात घेऊन फोला अकिनवांडे उभी होती.

फोला गावची फिजिओथेरपिस्ट. राहायची क्वारी क्लोजमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत. वसाहतीला बारा वर्षं झाली होती, पण नेदर विकिनमध्ये बारा वर्षांत कुणी जुनं होत नाही.

"मिस्टर थ्रिप," ती म्हणाली, "मी हे फ्रिजवर लावलं होतं. आज काढून आणलंय. इतकं खरं बोलणारा माणूस आपल्या गावात आहे, हे मला माहीतच नव्हतं."

रोलंडनं तिला आत घेतलं, चहा केला, बिस्किटांचा चांगला डबा काढला. पत्रातलं ते जुन्या-नव्याचं वाक्य त्यानं तिला सहज म्हणून पुन्हा ऐकवलं. ते संपल्यावर फोला म्हणाली, "मग ठरलं. आम्हाला यंदा मोवरच्या शर्यतीत घ्या. क्वारी क्लोजची टीम. अकरावी."

रोलंड म्हणाला, "अवश्य! हा काय प्रश्न झाला?" हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा त्याच्या एका हातात बिस्किट होतं आणि छाती दोन इंच पुढे आलेली होती. अशा वेळी माणसानं कुणाला काही कबूल करू नये.

नेदर विकिनची शर्यत ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी चर्चमागच्या कुरणात होते. गवत कापायच्या बसत्या मोवरची पाती काढून टाकायची, वर हेल्मेट घालून बसायचं, आणि गवताच्या गठ्ठ्यांनी आखलेल्या रस्त्यावरून बारा फेऱ्या मारायच्या. टीम दहा. कायमच दहा. कारण शेजारच्या गावचा डेअरीवाला बक्षीस म्हणून स्टिल्टन चीज देतो, आणि तो दहाच तुकडे पाडतो. पहिल्याला पिंपाएवढं, दुसऱ्याला त्याहून लहान, असं करत करत दहाव्याला काडेपेटीएवढं. दहाव्यालाही मिळतं, हे महत्त्वाचं.

हे महत्त्वाचं अशासाठी, की रोलंड थ्रिप गेली एकोणीस वर्षं दहावा येत होता. ऑफिसात सोमवारी कुणी विचारलंच, की तो टाय सारखा करत म्हणे, "आलो की पहिल्या दहांत." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिल्या दहांत सलग एकोणीस वर्षं असलेला गावात दुसरा फक्त एकच होता, तो पहिला यायचा.

फोला गेल्यावर रोलंड कमिटीला पत्र लिहायला बसला. कमिटी म्हणजे दहा टीमचे दहा जण, आणि तो तिचा सेक्रेटरी होता. 'क्वारी क्लोज येथील टीमचे सहर्ष स्वागत' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. टीम अकरा. चीज दहा. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"काय झालं?" लिनेटनं विचारलं.

"काही नाही. जरा खेळाच्या दर्जाचा विचार करतोय."

"आत्तापर्यंत नव्हतास करत," लिनेट म्हणाली आणि बागेत गेली.

रोलंड थेट ट्रेवर ड्रिंकवॉटरकडे गेला. ड्रिंकवॉटर कमिटीचा अध्यक्ष, हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोल्स क्लबचाही अध्यक्ष, आणि एकतीस वर्षं एका मोठ्या टीमच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासून निवृत्त झालेला. पहिला येणारा तो हाच. कुठल्याही गोष्टीकडे, अगदी वाटाण्याच्या शेंगेकडेही, तो आत काहीतरी सैल असणार अशा नजरेनं बघत असे.

"अकरा?" ड्रिंकवॉटर म्हणाला. "अरे बाबा, कुरणात सावलीला एकच झाड, आणि झाडाखाली जागा दहांची आहे. अकराव्यानं मोवर काय डोक्यावर घेऊन उभं राहायचं? आणि तूच ना ते पत्र लिहिलंस?"

"ते फॉर्म्युला वनबद्दल होतं. तत्त्व म्हणून. तिथे जागा भरपूर असते."

"मग सांग तिला नाही म्हणून."

"मी सांगू? मी कसा सांगू? माझं पत्र तिच्या फ्रिजवर आहे!"

नेदर विकिनमध्ये कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. तिथे 'बघू या', 'कल्पना मजेदार आहे' आणि 'सध्या जरा गडबड आहे' अशा तीन पायऱ्या आहेत, आणि तिसरीवरून माणूस आपला आपण खाली उतरतो. पण फोला एकदा कंबर हातात घेतली की ती सरळ झाल्याशिवाय सोडत नसे. ती पायऱ्यांवरून उतरणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या आठवड्यात रोलंडला गावभर सल्ले मिळाले. खाटीक म्हणाला, तारीख बदला आणि तिला कळवू नका. पोस्टातली बाई म्हणाली, आजारी पडा. लिनेट म्हणाली, "घे ना तिला. काय होईल? अकरावा येशील." हा सल्ला रोलंडला सगळ्यांत क्रूर वाटला.

शेवटी त्याला आपलं ऑफिस आठवलं. सव्वीस वर्षांत त्यानं तरी कुणाला तोंडानं 'नाही' कुठे म्हटलं होतं? त्यानं फॉर्म दिले होते. त्यानं मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत एक फॉर्म काढला. काढता काढता त्यात त्याचा जीव रमला, आणि संध्याकाळपर्यंत फॉर्म चौदा पानी झाला. 'नवीन टीमच्या प्रवेशासाठी अर्ज'. कलम एक: अर्जदार टीमला या शर्यतीचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. कलम चार: या टीममुळे खेळाला काय नवे मिळेल, ते दोनशे शब्दांत लिहा. कलम सहा: सध्याच्या दहांपैकी एका टीमने अर्जदाराची लेखी हमी घ्यावी. कलम नऊ: मोवर संपूर्णपणे टीमच्या मालकीचा असावा, कुणाकडून मागून आणलेला, उसना घेतलेला नसावा. आणि सगळ्यावर पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून अगदी शेवटी, बारीक अक्षरात: हे नियम सर्व टीमना सारखेच लागू राहतील. हे वाक्य तो ऑफिसात प्रत्येक फॉर्मच्या तळाला टाकत असे. हाताला सवयच झाली होती.

कमिटीनं फॉर्म एकमतानं मंजूर केला. चौदा पानं कुणी वाचली नाहीत, ड्रिंकवॉटरनं फक्त स्टेपलची पिन घट्ट आहे का ते पाहिलं.

"पाच वर्षांचा अनुभव?" फोला दारात उभी राहून म्हणाली. "आत घेतलं नाही तर अनुभव येणार कुठून?"

"अगदी योग्य प्रश्न," रोलंड म्हणाला. "बरेच जण हाच विचारतात." आणि नजर चुकवून त्यानं बिस्किटांचा डबा उघडला. साधा डबा.

आठ दिवसांनी फॉर्म भरून परत आला. कलम एकला फोलानं नऊ जणांची पत्रं जोडली होती. गेली सहा वर्षं प्रत्येक शर्यतीनंतर नऊ ड्रायव्हरांच्या कमरा तिनंच सरळ केल्या होत्या. ती दर वर्षी कुरणात हजर होती, एवढंच की तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दहाव्या ड्रायव्हरचं पत्र तिनं मुद्दाम घेतलं नव्हतं. त्याला अवघड वाटू नये म्हणून, असं तिनं समासात लिहिलं होतं. रोलंडची कंबर तिच्या हाताखालून पाच वेळा गेली होती.

कलम चारला दोनशे शब्दांची गरज पडली नाही. तिनं लिहिलं होतं: 'शर्यतीच्या दिवशी टीमतर्फे सर्वांसाठी टोमॅटो-मिरचीतला जोलोफ भात आणि तळलेली केळी.' कमिटीच्या बैठकीत हे दोनदा वाचलं गेलं. इतकी वर्षं कुरणात खायला एक गाडी यायची, तिच्याकडे चहा आणि मऊ पडलेल्या बटाट्याच्या चिप्स. भात म्हणताच कमिटीतल्या नऊ जणांच्या मनात खेळाच्या दर्जाविषयी वेगळे विचार येऊ लागले. हमी खाटकानंच देऊन टाकली. मोवर क्वारी क्लोजच्या तिघांनी चर्चच्या भंगारातून उचलून, पिवळा रंगवून स्वतः बांधला होता, आणि त्यावर चर्चच्या धर्मगुरू रेक्टरबाईंचा 'कायमचा दिला' असा कागद होता.

"आता तपासणी," ड्रिंकवॉटर म्हणाला. "कलम नऊ. आणि तुझ्या त्या बारीक अक्षराप्रमाणे सगळ्यांचीच."

तपासणी हा शब्द ऐकला की ड्रिंकवॉटर दहा वर्षांनी तरुण व्हायचा. शनिवारी कुरणात त्यानं अकरा मोवर ओळीनं उभे केले आणि गळ्यात टॉर्च अडकवून प्रत्येकाच्या खाली शिरला. पिवळ्या मोवरखालून बाहेर आला तेव्हा म्हणाला, "गिअरबॉक्स बरा आहे." एकतीस वर्षांत त्यानं याहून मोठी स्तुती केलेली नव्हती. मग तो रोलंडच्या मोवरखाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"रोलंड," शेवटी खालून आवाज आला, "इथे पत्र्यावर बोल्स क्लबचा शिक्का आहे."

"असेलच," रोलंड म्हणाला. "क्लबचाच आहे तो."

हे बोलल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. एकोणीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याचा मोवर मोडला होता, तेव्हा क्लबनं आपला दिला होता. एका दिवसासाठी. पुढच्या सोमवारी रोलंड तो परत करायला निघाला, तर ड्रिंकवॉटर वाटेत भेटून म्हणाला होता, "घाई नाही, सवडीनं दे." आता नेदर विकिनमध्ये 'घाई नाही' याचा अर्थ 'उद्या सकाळी आण' असा होतो, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण रोलंड दोनच दिवसांपूर्वी पहिल्यांदा पहिल्या दहांत आलेला होता आणि त्याचं भान हरपलं होतं. त्यानं ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून दर वर्षी वसंतात ड्रिंकवॉटर त्याला विचारी, "मोवर बरा चालतोय ना?" आणि रोलंड म्हणे, "फर्स्ट क्लास!" एकोणीस वर्षं क्लबचे म्हातारे मैदानाचं गवत हातमशीननं कापत होते आणि सौजन्यापोटी गप्प होते.

ड्रिंकवॉटर उठला. त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती आणि डोळे पाणावले होते. "मी काही मागत नाहीये," तो म्हणाला. "घाई तर मुळीच नाही. पण कलम नऊ तुझंच आहे रे."

त्याच दिवशी चार म्हातारे येऊन मोवर घेऊन गेले. त्यांच्यातल्या एकानं जाताना रोलंडच्या खांद्यावर थोपटलं. शिव्या दिल्या असत्या तर रोलंडला बरं वाटलं असतं.

अशा रीतीनं शर्यतीत पुन्हा दहा टीम झाल्या. त्यांत क्वारी क्लोज होती आणि रोलंड थ्रिप नव्हता. त्याला शर्यतीत यायचं तर आता एकच वाट उरली होती. अकरावी टीम म्हणून अर्ज करणे. फॉर्म सेक्रेटरीकडे मिळतो. सेक्रेटरी तोच. त्यानं कपाटातून एक प्रत काढून स्वतःला दिली.

मोवर घरात दुसरा होता. लिनेटचा. छोटा, हिरवा, तिच्या वाढदिवसाला तिच्या बहिणीनं दिलेला. घरचं गवत लिनेटच कापायची, कारण रोलंडचा मोवर शर्यतीसाठी जपून ठेवलेला असे. कलम नऊप्रमाणे मोवर टीमच्या मालकीचा हवा, तेव्हा टीम लिनेटची झाली. टीमचं नाव: लिनेट थ्रिप. मालक: लिनेट थ्रिप. ड्रायव्हर या रकान्यात रोलंडनं आपलं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली बारीक अक्षरात 'मालकाच्या मर्जीनुसार बदलता येईल' असं होतं. तेही त्याचंच.

कलम एक सुटलं. अनुभव एकोणीस वर्षांचा होता. कलम चारपाशी घोडं अडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोलंड एक तास पेन चावत बसला.

"खेळाला काय नवं मिळेल," तो म्हणाला. "अनुभव लिहू?"

"ते जुनं झालं. नवं विचारलंय," लिनेट म्हणाली.

"सातत्य."

"दहाव्या नंबरचं?"

"चारित्र्य, सभ्यता, खेळाची जुनी परंपरा..."

"रोलंड, त्या बाईनं भात लिहिलाय."

रोलंडनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. दोनशे शब्द सोडा, एकही शब्द सुचत नव्हता. शर्यतीत आपण आहोत म्हणून आहोत, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता; आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यानं किती लोकांना, किती फॉर्मांवर विचारला असेल! त्याला त्या सगळ्यांची मनापासून कीव आली. शेवटी लिनेटनं फॉर्म ओढून घेतला आणि एक ओळ लिहिली: 'ही टीम कुणाच्या आड येत नाही.'

कमिटी पबच्या मागच्या खोलीत भरली. नऊ जुने आणि दहावी फोला. रोलंडला बाहेर बसवलं होतं, पण दार नीट लागत नव्हतं. ते दार बदलायची परवानगी नाकारणारं पत्र त्याच्याच सहीचं होतं. आत प्रत्येक जण बोलला. प्रत्येकाला रोलंडबद्दल फार आपुलकी होती. ती आपुलकी प्रत्येकानं भरभरून सांगितली, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी 'पण' आला. झाडाखाली जागा दहांचीच. डेअरीवाला अकरावा तुकडा पाडणार नाही म्हणतो. आणि कलम सहा: हमी कोण देणार? खाटीक म्हणाला, माझी एक देऊन झाली. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले.

"मी देते," फोलाचा आवाज आला.

"तुम्ही?" ड्रिंकवॉटर म्हणाला. "अहो, तो आला तर तुमचंच चीज धोक्यात येईल."

"चीज गेलं खड्ड्यात. मला तो वासही सहन होत नाही. मी शर्यत करायला आलेय आणि कुणाला तरी हरवायला आलेय. तुम्हा नऊ जणांना मी यंदा हरवू शकत नाही, एवढं मला कळतं. मग उरलं कोण?"

बाहेर बसलेल्या रोलंडला हे ऐकून अपमान वाटावा की आभार मानावेत ते कळेना. दोन्ही एकदम वाटलं, आणि त्यानं ग्लासातलं संपवून टाकलं. अर्ज मंजूर झाला, झाडाखालची जागा आणि चीज सोडून.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. कुरणात भाताचा वास सुटला होता आणि चहाचा गाडीवाला स्वतःच भाताच्या रांगेत उभा होता. लिनेटनं मालक म्हणून एक पाटी आणि खडू आणला होता. रोलंडला झाडाखाली जागा नव्हती, म्हणून ते दोघं काटेरी कुंपणापाशी उन्हात उभे राहिले.

एकोणीस वर्षांत रोलंडची शर्यत दर वेळी सारखीच झाली होती. पहिल्या फेरीत तो मागे पडायचा, दुसऱ्या फेरीत पुढचा दिसेनासा व्हायचा, आणि मग उरलेल्या दहा फेऱ्या तो, गवत आणि चिचुंद्र्यांनी उकरलेली ढेकळं. ढेकळं त्याला तोंडपाठ होती. तो पोचायचा तेव्हा माणसं बिअरच्या तंबूत गेलेली असत. एका वर्षी तर झेंडा दाखवायलाही कुणी उरलं नव्हतं. कुंपणाला अडकवून ठेवलेला झेंडा बघून त्यानं आपला आपणच हात वर केला होता. हे त्यानं लिनेटलाही सांगितलं नव्हतं.

या वेळी दुसरी फेरी संपली, पुढचे नऊ जण नेहमीसारखे दिसेनासे झाले, आणि डाव्या अंगाला पिवळा मोवर फटफटत होता.

"मिस्टर थ्रिप!" फोला ओरडली. "कंबर सरळ ठेवा!"

"तुमचं तुम्ही बघा!" रोलंड ओरडला, आणि वळणावर तिच्या पुढे घुसला. आपण कुणाच्या तरी पुढे घुसलो, हे कळायला त्याला एक क्षण लागला. लगेच ती पुढच्या वळणावर परत पुढे. मग तो. मग ती. सातव्या फेरीत ती ढेकळात अडकली, कारण कुठलं ढेकूळ कुठे ते तिला माहीत नव्हतं; नवव्या फेरीत त्याची पाठ धरली तेव्हा ती पुन्हा आली. लिनेटनं पाटीवर लिहिलं होतं, 'पुढे बघ'. पुढच्या वेळी लिहिलं होतं, 'मागे बघ'. त्याच्या पुढच्या वेळी पाटी टाकून देऊन ती नुसतीच ओरडत होती, आणि तिच्याशेजारी पन्नासएक माणसं हातात भात घेऊन ओरडत होती. पुढे ड्रिंकवॉटर जिंकला, ते कुणी पाहिलंच नाही. ड्रिंकवॉटर स्वतः झेंडा घेऊन धावत मागच्या वळणाकडे आला.

शेवटच्या वळणावर दोघांची चाकं एकमेकांना घासली. रोलंड जोरात हसत होता, आणि हसताना त्याचा पाय पेडलवरून सुटला. फोला अर्ध्या हातानं पुढे गेली. रोलंड थ्रिप अकरावा आला. त्याला खाली उतरता येईना, फोलानंच त्याला काखेत हात घालून उतरवलं आणि गवतावर पालथा पाडून त्याची कंबर मोकळी केली. त्याच्या तोंडात माती गेली होती. इतका आनंद त्याला आयुष्यात क्वचितच झाला होता, आणि तो तसं मोठ्यानं म्हणतही होता, पण मातीमुळे कुणाला कळलं नाही.

मग बक्षिसं झाली. पिंपाएवढं चीज ड्रिंकवॉटरकडे गेलं. सगळ्यांत शेवटी काडेपेटीएवढा तुकडा फोलाच्या हातात आला. तिनं तो नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि मग रुमालात नीट गुंडाळून दोन्ही हातांत घट्ट धरला.

तेवढ्यात रेक्टरबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "आजची मजा बघून आमच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळींच्या मनात आलंय. पुढच्या वर्षी त्यांनाही घ्या. बारावी टीम."

"हात वर करून मत घेऊन टाकू," ड्रिंकवॉटर म्हणाला. "कुणाला काही बोलायचंय?"

"मला," फोला म्हणाली. "तत्त्व म्हणून माझा विरोध मुळीच नाही. पण जागा बघा. झाडाखाली आम्ही दहा जण आधीच दाटीवाटीनं उभे असतो. आणि शेवटी खेळाच्या दर्जाचाही विचार करायला हवा. बारा म्हणजे जरा अतीच होतं, नाही का?"

रोलंडनं गवतावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती अगदी मनापासून बोलत होती. विरोधात दहा हात वर गेले. एका हातात रुमाल होता. रोलंडनं बारावीच्या बाजूनं हात वर केला.

"ड्रायव्हरला मत नाही," ड्रिंकवॉटर म्हणाला. "मत टीमच्या मालकाचं. फॉर्ममध्ये आहे."

लिनेटनं रोलंडचा हात धरून खाली केला. त्याच्या चेहऱ्यावरची माती, शर्टावरचा चिखल आणि अजून न थांबलेलं हसू तिनं एकदा पाहून घेतलं, आणि आपला हात उंच केला. एक विरुद्ध दहा. ठराव पडला.

रेक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्या निघाल्या तेव्हा रोलंड कसाबसा उठून लंगडत त्यांच्यामागे गेला.

"उद्या प्रार्थनेनंतर तुमच्या लोकांना घेऊन आमच्याकडे चहाला या," तो म्हणाला. "फॉर्म मी देतो. हे कमिटीवाले काय काय विचारतील, ते मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."